नऊ सिरीज अर्धवट सुटल्या, तर दोष बघणाऱ्याचा की सिरीजचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला बँकेत नोकरी, घरचं आवरून रात्री साडेनऊनंतर जेमतेम तासभर मोकळा मिळतो. वर्षभरात अकरा वेब सिरीज सुरू केल्या आणि दोनच पूर्ण झाल्या, ‘स्कॅम १९९२’ आणि ‘गुल्लक’चा पहिला सिझन. बाकीच्या नऊ पहिल्या दोन-तीन भागांतच सुटल्या. ऑफिसातले म्हणतात, ‘चौथ्या भागापासून पकड घेते, थोडं थांबायचं होतं.’ तुम्ही विचारताय की आपलं लक्षच लागेनासं झालंय का, आणि आता नेमकं बघावं काय.

मी एकवीस वर्षं संकलक म्हणून काम करतेय. आधी मराठीतल्या रोजच्या मालिका केल्या, नंतर वेब सिरीज. तुमचा प्रश्न वाचल्यावर आधी एक गोष्ट सांगावीशी वाटली: ज्या बाईने ‘स्कॅम १९९२’चे दहा भाग, तेही बँकेत दिवसभर आकडे बघून आल्यावर, पूर्ण पाहिले, तिचं लक्ष शाबूत आहे. म्हणजे खरा प्रश्न यादीचा नाहीच. एखादी सिरीज संथ आहे की नुसती ताणलेली आहे, हे कसं ओळखायचं, हा प्रश्न आहे. ते ओळखता आलं की सोडताना अपराधी वाटत नाही.

यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवरही अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. सलग तीन तास मिळणाऱ्या माणसाला जे आवडतं, ते एका तासात बसेलच असं नाही. फोनवर कानात इअरफोन घालून एकटं बघणं वेगळं आणि हॉलमध्ये सासूबाईंसोबत बघणं वेगळं. शिव्या आणि रक्तपात यांचं कुणाला काही वाटत नाही, कुणाची झोप उडते. त्यामुळे मी खाली जे लिहितेय ती माझी मतं आहेत, पण ती कुठून आली तेही सांगते, म्हणजे पटलं नाही तर कुठे पटलं नाही ते तुम्हाला कळेल.

काही वर्षांपूर्वी एका हिंदी सिरीजवर काम करत होते. करार आठ भागांचा, भाग साधारण चाळीस मिनिटांचा. पहिला रफ कट, म्हणजे दृश्यांची कच्ची जोडणी, लावला तेव्हा दिग्दर्शकाच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं की गोष्ट पाच भागांची आहे. पाच भाग खरोखर चांगले होत होते. आम्ही तसं सांगितलं. उत्तर आलं, आठ ठरलेत, आठच हवेत. मग आम्ही जे केलं ते तुम्ही शंभर ठिकाणी पाहिलं असेल. गाडी येते, थांबते, दार उघडतं, माणूस उतरतो, चालत जातो, बेल वाजवतो. यातला बेल वाजवण्याचा शॉट पुरेसा होता. आम्ही सहाही ठेवले. शहरावरून ड्रोन फिरवला. दोन मिनिटांपूर्वी आपण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एका पात्राला दुसऱ्याला फोनवर सांगायला लावली. आणि भाग संपताना कुणीतरी दचकून मागे बघतं तिथे तोडलं, म्हणजे पुढचा भाग आपोआप सुरू होईपर्यंत प्रेक्षक हलू नये. त्या सिरीजचं कौतुकही झालं. मला मात्र आजही तिचा तिसरा आणि सहावा भाग बघवत नाही.

रोजच्या मालिकेत आम्ही याहून जास्त पुनरुक्ती करायचो, आणि तिथे मला ती कधी खटकली नाही, कारण तिथे तिला अर्थ होता. भाग बावीस मिनिटांचा. बघणारी पोळ्या लाटतेय, पाठ टीव्हीकडे आहे, काल पाहुणे आले म्हणून कालचा भाग हुकलाय. तिला प्रसंग कानाने कळायला हवा. म्हणून संवादात नातं यायचं, नाव यायचं, कालचं भांडण यायचं. ती प्रेक्षकाची सोय होती. वेब सिरीजमध्ये मागचा भाग तुम्ही दहा सेकंदांपूर्वी संपवलेला असतो. कारण गेलं, सवय मात्र राहिली. तुम्हाला तिसऱ्या भागात जो थकवा येतो तो बहुतेक वेळा हाच असतो. तुम्हाला कळलेलंच पुन्हा सांगितलं जातंय हे तुमच्या मनाने ओळखलेलं असतं.

आता संथ आणि ताणलेलं यातला फरक. भाग संपला की मी स्वतःला एकच विचारते: तासाभरापूर्वी मला या माणसांबद्दल जे माहीत नव्हतं, असं आता काय माहीत झालं? घटनांबद्दल विचारत नाही, माणसांबद्दल विचारते. घटना काय, ताणलेल्या सिरीजमध्येही भरपूर असतात. तिथे तर दर दहा मिनिटांनी गोळी सुटते. पण माणूस जागचा हलत नाही.

‘पंचायत’चा पहिला सिझन (एप्रिल २०२०, आठ भाग) याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण. वरवर त्यात काहीच घडत नाही. शहरातला मुलगा नाइलाजाने उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात पंचायत सचिव होतो. एका भागात चाकांची खुर्ची आणली म्हणून गावात मानापमान होतो, एका भागात मॉनिटर चोरीला जातो, एका भागात भुताच्या झाडाची भानगड. प्रत्येक भागाला स्वतःचं एक छोटं दुखणं आहे आणि ते त्याच भागात संपतं. तुमच्यासारखा एकच तास मिळणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं, कारण झोपताना काही लटकत राहत नाही. आणि तरी आठ भाग मिळून एक मोठी गोष्ट होते. शेवटच्या भागात प्रजासत्ताक दिन येतो. गावच्या खऱ्या प्रधान मंजूदेवी आहेत, पण कारभार त्यांचा नवरा बघतो. झेंडा त्यांनीच फडकवायचा असं वरून बजावलं जातं आणि त्या राष्ट्रगीत पाठ करू लागतात. आपल्याकडे ‘सरपंचपती’ हा शब्द गावोगाव रुळलेला आहे, त्यामुळे तो प्रसंग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मंजूदेवी झालेल्या नीना गुप्ता तिथे जे करतात त्यात एकही मोठा संवाद नाही. संकलक म्हणून मी तो भाग तीनदा पाहिला, आणि प्रत्येक वेळी वाटलं, इथे कात्रीला काही काम ठेवलेलं नाही.

दुसरा सिझनही भक्कम आहे, त्याचा शेवट जिवाला लागतो. तिसऱ्यापासून मात्र गाव मागे पडत गेलं आणि आमदार, गट, मारामारी पुढे आली. चौथ्यात (२०२५) तर सगळ्या भागांवर एकच निवडणूक पसरली आहे. मंजूदेवी विरुद्ध क्रांतीदेवी, आज याने डाव टाकला, उद्या त्याने. माणसं तीच, अभिनय तितकाच चोख, पण भागाचं स्वतःचं दुखणं गेलं. प्रत्येक भाग पुढच्या भागाची तयारी होऊन बसला. लोक म्हणतात ‘पंचायत’ राजकारणात गेली म्हणून बिघडली. मला तसं वाटत नाही. गावात राजकारण असणारच. भाग पूर्ण व्हायचा थांबला, तिथे ती बिघडली.

तुम्हाला ‘गुल्लक’ का पूर्ण करता आली, हेही यातूनच कळतं. मिश्रांचं घर, पाच भाग, प्रत्येक भागात घरातली एक अडचण, सांगणारा घरातला मातीचा गल्ला. पुढचे सिझनही पाच-पाच भागांचेच ठेवले, लांबवायचा मोह आवरला, याचं मला फार कौतुक आहे. मराठीत याच्या जवळ जाणारी ‘आणि काय हवं’. प्रिया बापट आणि उमेश कामत, नवं लग्न, दोघांच्या संसारातले छोटे प्रसंग, पहिला सिझन सहाच भागांचा. ती गोडसर आहे, भांडणंही मऊ आहेत, आणि कुणाला ते पुरेसं खरं वाटणार नाही. पण दिग्दर्शक वरुण नार्वेकरांनी दोन माणसांच्या बोलण्यावर भरवसा ठेवलाय. पार्श्वसंगीताने प्रत्येक वाक्याखाली रेघ मारलेली नाही. सुरुवात तिच्यापासून करा.

आता मोठ्या गोष्टी. लांबी ही वाईट नसतेच. ‘स्कॅम १९९२’ दहा भागांची आहे आणि मी तिच्यातलं फारसं काही कापलं नसतं. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला हे जास्त कळलं असेल: हर्षद मेहताचा घोटाळा समजायला रेडी फॉरवर्ड व्यवहार, म्हणजे रोखे आज विकून ठरलेल्या दिवशी परत विकत घेण्याचा करार, समजायला हवा, आणि बँक रिसीट, म्हणजे प्रत्यक्ष रोखे न देता ते आपल्याकडे आहेत असं सांगणारा बँकेचा कागद, हे समजायला हवं. इतका रुक्ष मजकूर प्रेक्षकाच्या गळी उतरवायचा कसा? दिग्दर्शक हंसल मेहतांनी तो फळ्यावर शिकवला नाही. त्यांनी आधी हर्षदला पैशाची गरज लावली, दरवाजे बंद केले, आणि मग त्याला ती फट दाखवली. फट कशी चालते हे हर्षदला जितक्या उत्सुकतेने कळतं तितक्याच उत्सुकतेने आपल्याला कळतं. सुरुवात मात्र स्टेट बँकेतले पाचशे कोटी गायब आहेत हे सांगायला घाबरलेला एक माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो तिथून होते, आणि मग गोष्ट मागे जाते. त्यामुळे हर्षद वर चढत असताना आपल्याला सतत ठाऊक असतं की हा पडणार आहे. दहा भाग पेलण्याइतका ताण त्या एका निर्णयातून मिळाला. पत्रकार सुचेता दलाल यांची घोटाळ्याची बातमी एप्रिल १९९२ मध्ये आली, म्हणजे शेवट सगळ्या देशाला माहीत होता. तरी आपण जागचे हललो नाही.

त्याच मालिकेतली पुढची, तेलगीवरची ‘स्कॅम २००३’, माझ्या मते कमी पडली. गगन देव रियार उत्तम आहे. पण मुद्रांक छापणं आणि विकणं हे एकदा कळलं की त्यात हर्षदच्या व्यवहारासारखे पदर उरत नाहीत, मग लाच देण्याचेच प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. शिवाय पाच भाग सप्टेंबरमध्ये आणि पाच नोव्हेंबरमध्ये दाखवले. दोन महिन्यांनी परत बसलो तेव्हा कोण कुणाला सामील होतं हे मलाही आठवेना. तुम्ही ती अर्धवट सोडलेल्यांत मोजली आहे. खुशाल मोजा.

‘सेक्रेड गेम्स’बद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण तुम्ही ती पहिल्याच भागात शिव्यांमुळे सोडली असं म्हणता. ते कारण अगदी रास्त आहे आणि तुमचं मत बदलायचा माझा विचार नाही. फक्त तिच्यात काय आहे ते सांगते. जुलै २०१८ मध्ये आलेला पहिला सिझन दोन दिग्दर्शकांनी वाटून घेतला होता. सैफ अली खानच्या सरताज या पोलिस अधिकाऱ्याचा आजचा धागा विक्रमादित्य मोटवाने यांनी केला आणि नवाजुद्दीनच्या गायतोंडे या गुंडाचा जुना धागा अनुराग कश्यप यांनी. एक धागा सैल होऊ लागला की दुसऱ्यावर उडी, आणि वर ‘शहर वाचवायला पंचवीस दिवस’ हे घड्याळ. पण मला आठवतो तो काटेकर. जितेंद्र जोशीने केलेला हवालदार. हिंदी पडद्यावर मराठी हवालदार म्हटलं की पोट सुटलेला, हसण्यावारी नेलेला माणूस, अशी आपल्याला सवय. हा काटेकर हुशार आहे, दमलेला आहे, साहेबावर त्याची माया आहे, आणि त्याचंही घर आहे, बायको आहे, मतं आहेत, चुकीची मतंही आहेत. पहिल्या सिझनचा कणा सरताज नाही, काटेकर आहे. दुसऱ्या सिझनमध्ये (ऑगस्ट २०१९) अमृता सुभाषने कुसुमदेवी यादव जबरदस्त उभी केली, पण गुरुजींचं तत्त्वज्ञान आणि मोम्बासा आणि बॉम्ब असा पसारा झाला, आणि शेवट मोकळा सोडला. मोकळ्या शेवटाला माझी हरकत नाही. आधीच्या वाटेने तो कमावलेला नव्हता, म्हणून हरकत आहे.

‘द फॅमिली मॅन’ बाबत उलट. तिथे शेवट मोकळा नव्हताच, तोडलेला होता. पहिला सिझन ऐन संकटात बंद झाला आणि उत्तर जून २०२१ मध्ये, दुसऱ्या सिझनला, तेही ओझरतं मिळालं. तरीही ती बघा. मनोज बाजपेयीचा गुप्तहेर श्रीकांत घरी येतो, मुलीशी खोटं बोलतो, बायकोशी बोलायचं टाळतो, ते प्रसंग पाठलागांपेक्षा कितीतरी सरस आहेत.

‘मिर्झापूर’चं तुम्ही विचारलंत. पहिल्या सिझनची ऊर्जा खरी आहे. त्यानंतर हिंसा हेच एकमेव नाणं झालं, आणि एकच नाणं वारंवार चालवलं की त्याची किंमत उतरते. तिसऱ्या सिझनमध्ये मला कुणी मेलं तरी काही वाटेना. आपल्याला काही वाटेनासं होणं हा माझ्या मते सोडण्याचा सर्वात स्पष्ट इशारा.

मराठीत ‘समांतर’चा पहिला सिझन म्हणजे नऊ भाग चाललेला एकच शोध: आपण जगणार ते आयुष्य जो आधीच जगलाय त्या माणसाचा. मूळ कादंबरीकार सुहास शिरवळकरांची कल्पनाच इतकी पकडणारी आहे की पाय ओढले जातात, पण शोध नऊ भागांचा नाही, पाचाचा आहे. ‘मानवत मर्डर्स’ (२०२४) मी आदराने पाहिली. परभणी जिल्ह्यातल्या सत्तरच्या दशकातल्या हत्या, तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी म्हणून आशुतोष गोवारीकर, आणि मकरंद अनासपुरेंना पूर्ण गंभीर भूमिकेत बघणं. अशा विषयात किळस विकणं सोपं होतं, ते दिग्दर्शक आशिष बेंडे यांनी केलं नाही. मधले दोन भाग जड झालेत. झोपण्यापूर्वीच्या तासासाठी मात्र ही नव्हे, ती सुट्टीच्या दुपारी बघा.

परदेशी फक्त एकच सुचवते, ‘ॲडोलसन्स’. २०२५ मध्ये आलेली ब्रिटिश सिरीज, चारच भाग, आणि प्रत्येक भाग सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला, एकही कट नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला यावर बोलायला अख्खी रात्र कमी पडेल. कट नसेल तर प्रेक्षकाला सुटकाच नाही. तेरा वर्षांचा मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ एका खोलीत बसून बोलतात तो तिसरा भाग मी उभ्याने संपवला, बसवेना. घरात शाळकरी मूल असेल तर बघाच, पण त्या रात्री दुसरं काही बघू नका.

‘चौथ्या भागापासून पकड घेते’ या सल्ल्याबद्दल. मी दोन भाग देते. दोन भागांत मला एक तरी माणूस भेटला पाहिजे, ज्याचं पुढे काय होणार याची काळजी वाटेल. अपवाद आहेत. जर्मन ‘डार्क’मध्ये चार कुटुंबं आणि वेगवेगळे काळ आहेत, तिथे कागदावर नावं लिहून घ्यावी लागतात आणि चार भाग द्यावेच लागतात; ती कष्ट वसूल करते. पण रोज एक तास आणि मध्ये दोन दिवसांचा खंड पडत असेल तर ‘डार्क’ला हात लावू नका. सहा भागांची पंजाबी ‘कोहरा’ चालेल. तपास संथ आहे, पण प्रत्येक भागात कुठला तरी बाप आणि मूल यांच्यातलं काहीतरी नव्याने उघडतं.

दोन व्यवहारातल्या गोष्टी. तुम्ही दीडपट वेगाने बघून पाहिलंत म्हणता. नका बघू. बोलणं संपल्यावर चेहरा किती वेळ धरायचा हे आम्ही फ्रेम मोजून ठरवतो, सेकंदाला चोवीस-पंचवीस फ्रेम असतात आणि आठ फ्रेम कमी-जास्त झाल्या तरी दुःखाचं नाटक होतं. दीडपट वेग लावावासा वाटतोय याचा अर्थ सिरीज सोडायची वेळ झाली. दुसरं, संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि गोळीबार आला की धावत कमी करायचा, हा त्रास तुमच्या कानांचा नाही. बऱ्याचदा आवाज पाच-सहा स्पीकरच्या मांडणीसाठी मिसळलेला असतो आणि टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरमध्ये संवाद दबतात. आवाजाच्या पर्यायांत स्टिरिओ असेल तर तो निवडा, बराच फरक पडतो.

तर सध्या हा क्रम धरा: ‘आणि काय हवं’, मग ‘पंचायत’चे पहिले दोन सिझन, मग ‘कोहरा’. सोडलेल्या नऊपैकी आठ मी तशाच राहू देईन. एक मात्र परत उघडायला सांगेन, ‘पाताल लोक’चा पहिला सिझन. तुम्ही दुसऱ्या भागानंतर थांबलात. तिथपर्यंत तो दिल्लीतल्या एका हरलेल्या इन्स्पेक्टरचा, हाथीरामचा, साधा तपास वाटतो. पुढे गोष्ट आरोपींच्या मुळाशी जाते, पंजाबात आणि चित्रकूटला, आणि कालपर्यंत नुसते गुन्हेगार असलेल्या माणसांना बालपण मिळतं. दिग्दर्शकांपैकी एक आपले अविनाश अरुण. चेहऱ्यावर उजेड कुठून पडू द्यायचा हे त्यांना छायाचित्रणातून आलेलं आहे. जयदीप अहलावतचा हाथीराम मुलासमोर ओशाळतो तेव्हा तो उजेड बघा. तिसरा भाग पूर्ण पाहून मला सांगा. त्यानंतरही नको वाटली, तर ती तुमची नाही, आणि मी पुन्हा आग्रह करणार नाही.